रानातल्या तळ्याला वळसा: बेळगाव-खानापूर पट्ट्यात तळ्याकाठची फेरी कशी आखावी, कशी चालावी

बेळगावच्या किल्ला तलावाला फेरी मारणं आणि रानातल्या तळ्याला वळसा घालणं, यांत फार फरक आहे. किल्ला तलावाची कड बांधलेली आहे, ती बारा महिने एकाच जागी असते. खानापूरच्या पश्चिमेला किंवा बेळगाव तालुक्याच्या चंदगडकडच्या अंगाला रानाला टेकलेले जे तलाव आणि बंधारे आहेत, त्यांची कड दर महिन्याला सरकते. ऑक्टोबरात जिथं कमरेइतकं पाणी असतं, तिथं फेब्रुवारीत गुरं चरत असतात. हिडकल धरणाच्या पाण्यात बुडणारं हुन्नूरचं विठ्ठल मंदिर पाणी उतरलं की मोकळं होतं. छोट्या तळ्यातही हेच घडतं, फक्त लहान मापात.

दर हिवाळ्यात माणसं "पाच किलोमीटर, सगळं सपाट, दोन तासांत परत" म्हणून निघतात आणि भर दुपारी पाण्याच्या चुकीच्या बाजूला अडकतात. चालण्यात ती कमी पडत नाहीत. पाण्याची कड म्हणजेच वाट असं धरून चालल्यामुळे त्यांची फसगत होते. मी स्वतः दोनदा तसा अडकलो आहे, म्हणून प्रत्येक पायरी तिच्या क्रमाने लिहितो आहे. क्रम मोडू नका.

हे मार्गदर्शन चार ते सात किलोमीटरच्या वळशासाठी आहे: एका बाजूला मातीचा बांध, समोर रान, एकदोन ओढे, फारसा चढ नाही. हिडकल किंवा मलप्रभेचा सौंदत्तीजवळचा जलाशय यात बसत नाही, त्यांना एका दिवसात पायी वळसा घालता येत नाही. भीमगड अभयारण्यही यात नाही. तिथं वनखात्याच्या परवानगीशिवाय पाऊल टाकायचं नाही.

## १. आधी महिना, मग तळं

बहुतेक जण आधी तळं निवडतात आणि मग सुट्टी बघतात. उलट करा.

जून ते सप्टेंबर हा वळसा सोडून द्या. जांबोटी-कणकुंबीकडे पावसाचा जोर असा असतो की सकाळी ओलांडलेला ओढा दुपारी ओलांडता येत नाही. जळवा असतात, पण ती किरकोळ गोष्ट आहे. अडचण ओढ्यांची आहे. ऑक्टोबरात सांडवा, म्हणजे तळं भरल्यावर जास्तीचं पाणी बाहेर जायची जागा, वाहत असू शकतो आणि गवत छातीपर्यंत वाढलेलं असतं, पाय कुठं पडतोय ते दिसत नाही.

नोव्हेंबरचा दुसरा पंधरवडा ते जानेवारीअखेर हा खरा काळ. गवत आडवं झालेलं असतं, ओढे उतरलेले असतात, ऊन सोसवतं. फेब्रुवारीनंतर तीन गोष्टी बदलतात. पालापाचोळा वाळून वणव्याचा धोका वाढतो. वरचे ओढे आटल्यामुळे गवे आणि अस्वलं याच तळ्यावर पाण्याला येतात. आणि गोचिडांचा त्रास सुरू होतो. शेजारच्या गोव्यातल्या सत्तरी आणि सिंधुदुर्गातल्या दोडामार्ग भागांत गोचिडांमुळे होणाऱ्या माकडतापाचे रुग्ण आढळलेले आहेत. हा ताप मुख्यतः डिसेंबर ते मे या काळातला, त्यामुळे हिवाळ्यातल्या फेरीनंतरही अंग तपासायचंच. ते शेवटच्या पायरीत येईल.

महिना ठरला की पाण्याची पातळी विचारा. बेळगावला पाणी पुरवणाऱ्या राकसकोप जलाशयाची पातळी बेळगावच्या मराठी वर्तमानपत्रांत पावसाळ्यात फुटांमध्ये छापून येते, २४७५ फूट म्हणजे तुडुंब. त्यावरून पश्चिमेकडची छोटी तळी कितपत भरली असतील याचा अंदाज येतो. पण अंदाज तो अंदाजच. नेमकं कळायचं असेल तर त्या गावातल्या माणसाला फोन करून एकच प्रश्न विचारा: "सांडव्यावरून पाणी जातंय का अजून?" होय म्हणाला तर पंधरा दिवस थांबा.

## २. वळसा कागदावर मोजा, पाण्यावरून नाही

मोबाईलच्या नकाशात तळं निळं दिसतं. ती निळी कड कुठल्या महिन्यातली, हे नकाशा सांगत नाही. म्हणून उपग्रहाचं चित्र उघडा आणि तीन जागा शोधा:

- बांध आणि त्याच्या एका टोकाला असलेला सांडवा
- जिथून ओढा तळ्यात शिरतो ते तोंड, बहुधा बांधाच्या समोरच्या अंगाला
- तळ्याचे हात, म्हणजे दोन टेकड्यांमध्ये घुसलेले पाण्याचे अरुंद फाटे

या हातांनीच माणसं फसतात. समोरचा काठ पन्नास पावलांवर दिसतो, पण तिथं पोचायला अर्धा किलोमीटर आत जाऊन तेवढंच परत यावं लागतं. प्रत्येक हाताच्या आत जाऊन बाहेर आलेली रेघ बोटाने काढा आणि मग अंतर मोजा. आलेल्या आकड्यात आणखी एक तृतीयांश मिळवा. पाच किलोमीटर आले तर साडेसहा-सात धरा. माझ्या अनुभवात हा हिशेब कधी फार चुकलेला नाही.

तपासा: मुलं किंवा वयस्कर माणसं बरोबर असतील तर रानवाटेवर तासाला दोन किलोमीटर धरा. सात किलोमीटरला साडेतीन तास, वर थांबण्याचा एक तास. एवढा वेळ दुपारी एकच्या आत बसत नसेल तर तळं बदला.

नकाशाचा तेवढा भाग घरीच उतरवून घ्या. आत रेंज जाते, आणि ती नेमकी ओढ्याच्या घळीत जाते, जिथं वाट शोधायची असते.

## ३. परवानगी, गाव आणि कन्नड पाट्या

तळ्याला लागलेलं रान राखीव आहे का, हे त्या भागाच्या वनखात्याच्या कार्यालयात विचारा. "गावचीच माणसं जातात की" हे उत्तर पुरेसं नाही. गावच्या माणसाला तिथं सरपण आणायचा, गुरं चारायचा वहिवाटीचा आधार असतो, तुम्हाला तो नसतो. राकसकोपसारखा शहराला पिण्याचं पाणी पुरवणारा जलाशय असेल तर बांधावर चढण्यापूर्वी तिथल्या कर्मचाऱ्याला विचारायचंच.

मग गाव. गाडी लावाल तिथल्या चहाच्या टपरीवर किंवा देवळाच्या कट्ट्यावर कुणी मामा, काका बसलेले असतील, त्यांना तीन गोष्टी सांगा: किती जण आहोत, कुठल्या बाजूने जाणार, किती वाजेपर्यंत परत येणार. आणि एक विचारा: "मामा, या आठवड्यात तळ्यावर काय आलं होतं का?" गवा किंवा अस्वल कुठं दिसलं, हे गावाला ठाऊक असतं. रानाच्या आत धनगर गवळ्यांचे वाडे असतील तर त्यांच्याइतकी खात्रीची माहिती कुणाकडेच नाही.

आपल्यातले बरेच जण कन्नड बोलतात पण वाचत नाहीत. रानात पाट्या मात्र बहुतेक कन्नडमध्ये असतात. निघण्यापूर्वी एवढे शब्द कन्नड अक्षरांत कसे दिसतात ते कुणाकडून तरी बघून घ्या आणि मोबाईलमध्ये ठेवा: "अपाय" म्हणजे धोका, "अरण्य इलाखे" म्हणजे वनखातं, "प्रवेश निषेधिसलागिदे" म्हणजे प्रवेश बंद, "केरे" म्हणजे तळं, "हळ्ळ" म्हणजे ओढा. वाट विचारायची तर "ई दारी एल्लिगे होग्तैति?" एवढं पुरतं. पाटीवर काय लिहिलंय ते कळलं नाही, तर ती मनाई आहे असं समजून विचारायला परत या.

## ४. पाठीवर काय घ्यायचं

माणशी दोन लिटर पाणी. तळ्याचं पाणी प्यायचं नाही, त्यात गुरं उतरलेली असतात. भाकरी आणि शेंगाचटणी, किंवा जे वास न पसरवता खाता येईल ते. फळांची उघडी पिशवी हातात धरून चालू नका, माकडं झडप घालतात.

पूर्ण बाह्या, लांब पँट, पँटीची टोकं मोज्यात. खाकी, तपकिरी, हिरवा असे रंग बरे. अत्तर, सेंट लावू नका, कारण मोठ्या झाडांवर आणि कड्यांवर आग्यामोहोळ असतं. त्याच कारणाने विडी-सिगारेट नाही, आणि चुलीचा धूर तर नाहीच.

एक काठी, एक शिट्टी, एक विजेरी. दुपारी परतणार असलात तरी विजेरी घ्या. चिमटा आणि चिकटपट्टी पिशवीत टाका, त्यांचा उपयोग पुढे येतो.

## ५. दिशा आणि वेळ

देवळात प्रदक्षिणा घालताना देव उजव्या हाताला असतो. तळ्याचंही तसंच ठरवा: पाणी उजव्या हाताला. हे केवळ लक्षात ठेवायला सोपं म्हणून नाही. एकदा हा नियम सगळ्यांना सांगितला की चुकीची वाट लगेच ओळखू येते. पाणी डाव्या हाताला दिसायला लागलं तर तुम्ही पाण्यात घुसलेल्या जमिनीच्या जिभेवर आहात, आणि पुढे वाट संपणार आहे.

एक अपवाद आहे. रानाची बाजू आणि ओढ्याचं तोंड सकाळी, अंग ताजं असताना व्हायला हवं, आणि उघडा बांध शेवटी. पाणी उजवीकडे ठेवून बांध आधी येत असेल तर दिशा उलटी करा. मग नियमही उलटा, आणि तो सगळ्यांना मोठ्याने सांगा.

वेळेबाबत सगळ्यात जास्त चुका पहाटे निघण्याच्या हौसेतून होतात. पहाटे आणि तिन्हीसांजेला जनावर पाण्यावर असतं. ऊन झाडांच्या शेंड्यांवरून खाली उतरल्यावर, आठच्या सुमारास पहिलं पाऊल टाका. डिसेंबरात सूर्य सहाच्या आसपास मावळतो, पण दाट झाडीत त्याच्या बऱ्याच आधी अंधारून येतं. म्हणून उशिरा वळसा सुरू करू नका.

तपासा: निघण्यापूर्वी "अर्ध" ठरवा. बहुधा ओढ्याचं तोंड हेच अर्ध असतं. तिथं साडेदहापर्यंत पोचलो नाही तर आल्या वाटेने परत, हे गाडीपाशीच सगळ्यांकडून कबूल करून घ्या. आत गेल्यावर कुणीच परत फिरायला राजी नसतं.

## ६. रानाची बाजू: कुठली वाट माणसांची?

ऐन, किंजळ, जांभूळ, मध्येच करवंदाच्या जाळ्या, असं रान सुरू झालं की वाटांना फाटे फुटतात. नवखा माणूस सगळ्यात रुंद वाट धरतो. रुंद वाट गुरांची असते, आणि गुरं पाण्यावर किंवा गोठ्यावर जातात, तळ्याला वळसा घालत नाहीत.

फाट्यावर थांबून खाली बघण्याआधी वर बघा. माणसांच्या वाटेवर डोक्याच्या उंचीच्या फांद्या कोयत्याने छाटलेल्या असतात. गुरांच्या वाटेवर खाली मोकळं असतं, पण फांद्या छातीला आणि तोंडाला लागतात. मासेमारांची वाट अरुंद, सरळ उताराने पाण्याकडे जाते आणि तिथंच संपते. सरपणाची वाट चढत जाते आणि झाडीत विरते. तुम्हाला हवी ती वाट साधारण एकाच उंचीवरून, पाण्याच्या थोडी वरून जाते, बहुधा ऑक्टोबरातल्या पाण्याच्या रेषेच्या वरून. ती रेष दगडांवर आणि झुडपांत अडकलेल्या काडीकचऱ्यावर अजून दिसते.

पाणी दिसतं म्हणून खाली काठावर उतरायचा मोह होतो. उतरू नका. खाली मोकळी दिसणारी पट्टी पुढच्या हातापाशी संपते आणि मग चिखलातून वर चढावं लागतं. मासेमारांची जाळी, दोऱ्या किंवा खुंट काठाला दिसले तर हात लावू नका, अनेक तळ्यांवर मासेमारीचा ठेका दिलेला असतो.

चालताना बोलत राहा, आरडाओरड न करता. अस्वल दचकलं की अंगावर येतं. त्याला आधी चाहूल लागली तर ते बहुधा बाजूला होतं. दाट जाळी, वारुळं, घळ इथं मोठ्याने बोला. गवा वाटेत दिसला तर थांबा, त्याच्याकडे तोंड ठेवून हळूहळू मागे या आणि त्याला वाट द्या. फोटोसाठी पुढे जाऊ नका, आणि गाय-वासरू असेल तर त्यांच्या मध्ये जाऊ नका.

खबरदारी: सोनेरी-तपकिरी लव असलेल्या वाकड्या शेंगा वेलीवर लटकलेल्या दिसल्या तर ती खाजकुइली. हिवाळ्यात ती वाळलेली असते आणि वाऱ्यानेही तिची लव अंगावर येते. लागली तर चोळू नका. चिकटपट्टी लावून अलगद ओढा, मग पाण्याने धुवा.

## ७. ओढ्याचं तोंड: इथंच बिनसतं

ही पायरी मी मुद्दाम लांब लिहितो आहे. या वळशातल्या बहुतेक फजित्या इथं होतात, आणि त्या टाळता येण्यासारख्या आहेत.

ओढा तळ्यात शिरतो तिथं तो आपला गाळ टाकतो. वर्षानुवर्षांचा तो मऊ थर पाणी उतरल्यावर उघडा पडतो. वरचा पापुद्रा वाळून भेगाळतो, पाय ठेवला तर सुरुवातीला टणक लागतो. खाली मात्र राड तशीच ओली असते. एकदा आमच्यातला एक सोळा वर्षांचा पोरगा "पलीकडे वीस पावलं तर आहे" म्हणून निघाला आणि आठव्या पावलाला मांडीपर्यंत गेला. त्याला काही झालं नाही, काठी आडवी टाकून ओढून घेतलं, पण एक बूट आत राहिला आणि उरलेले चार किलोमीटर तो पंचा गुंडाळलेल्या पायाने चालला. मी त्याच्या मागेच होतो आणि मला तो गाळ ओळखता यायला हवा होता.

म्हणून असं करा:

पहिलं, तोंडाच्या आधी शंभर पावलं थांबा आणि गुरांचे ठसे बघा. खूर बोटभर रुतलेला असेल तर जमीन ठीक. वीतभर रुतला असेल तर तिथून जायचं नाही. गुरांचे ठसे अजिबात नसतील तर नक्कीच जायचं नाही, कारण गुरांनी ती जागा टाळलेली आहे.

दुसरं, पाण्याकडे पाठ करा आणि ओढ्याच्या काठाने वर चालत राहा. गाळ संपून दगडगोटे सुरू होईपर्यंत थांबू नका. कधी दोनशे पावलं लागतात, कधी अर्धा किलोमीटर. कंटाळा येतो, वाट चुकल्यासारखं वाटतं. चुकलेली नसते. बैलगाडीची जुनी चाकोरी किंवा गुरांचा उतार सापडला तर तीच जागा, कारण गाडी गाळातून जात नाही.

तिसरं, ओलांडताना एकेक जण. काठी आधी, पाय मागून. वाहतं पाणी गुडघ्याला लागत असेल तर ओलांडू नका, आणखी वर जा किंवा परत फिरा. हिरवट, चकाकणाऱ्या दगडावर पाय देऊ नका, त्याच्या शेजारच्या रेतीत द्या.

चौथं, पलीकडे गेल्यावर लगेच पाण्याकडे धावू नका. तुम्ही वर चढून आला आहात, तेवढंच खाली जायचं आहे, आणि या बाजूलाही तोच गाळ आहे. पाणी पुन्हा ठरलेल्या हाताला येईपर्यंत झाडीच्या कडेने चला.

तपासा: डोकी मोजा, घड्याळ बघा. साडेदहा वाजून गेले असतील तर परत फिरायचं, हे ठरलेलं आहे. ओळखीची लांब वाट अनोळखी जवळच्या वाटेपेक्षा लवकर संपते.

भाकरी इथं खाऊ नका. घळीत जनावराची ये-जा असते. थोडं पुढे, दोन्ही बाजूंना नजर जाईल अशा मोकळ्या जागी बसा. बसण्यापूर्वी वर झाडाकडे बघा: मोहोळ आहे का, वाळकी फांदी लटकतेय का.

## ८. शेतांची बाजू

इथं चालणं सोपं, पण तारांकडे लक्ष ठेवा. गवे आणि डुकरांपासून पीक राखायला शेतकरी झटक्याची तार लावतात, आणि काही ठिकाणी बेकायदा थेट विजेची जोडणीही असते. कुठली तार कशाची, हे बघून कळत नाही. म्हणून एकाही तारेला हात नाही, काठीने उचलायची नाही, खालून सरकायचं नाही. मुलांना पुढे धावू देऊ नका. शेताच्या बांधावरून फिरून जा.

सुगीच्या दिवसांत कापलेलं भात पसरलेलं असतं, त्यावरून चालू नका. शेतात कुणी असेल तर हाक मारून विचारा. वाट दाखवतातच.

## ९. सांडवा आणि बांध

सांडव्यावरून पाणी जात असेल, घोटाभर का असेना, ओलांडायचं नाही. खाली शेवाळ असतं, आणि घसरलेला माणूस सरळ खाली दगडांवर जातो. खालच्या अंगाने ओढ्यावरचा रस्त्याचा पूल गाठा, किलोमीटरभर जास्त पडलं तरी. सांडवा कोरडा असेल तर काळपट-हिरवे डाग टाळून एकेक जण जा.

बांधावर मधून चला. पाण्याच्या अंगाला रचलेल्या दगडांवर उतरू नका. ते हलतात, आणि त्यांच्या फटी ही घोणस, नाग यांची उबेची जागा. साप चावलाच तर चावलेला भाग हलवू नका, आवळून बांधू नका, चिरू नका. १०८ ला फोन करा आणि सरकारी दवाखान्याची वाट धरा.

मोरीच्या तोंडापाशी, म्हणजे जिथून पाणी कालव्याला सोडतात तिथं, पोहायला किंवा पाय बुडवायला उतरू नका. वरून शांत दिसतं, खाली ओढ असते. माझ्या मते या वळशात पाण्यात उतरण्याची गरज कुठंच नाही, आणि बरोबरच्यांना हे गाडीपाशीच सांगून ठेवावं.

## १०. परत आल्यावर

सकाळी ज्या मामांना सांगून गेलात त्यांना "आलो" म्हणून सांगा. हे बरेच जण विसरतात. मग संध्याकाळी गाव काळजीत पडतं, आणि पुढच्या वेळी कुणी मनावर घेत नाही.

घरी गेल्यावर कपडे गरम पाण्यात, अंग उजेडात तपासा: काखा, जांघा, कानामागे, केसांत. गोचीड दिसला तर रॉकेल, तेल, काडी काही नको. चिमट्याने कातडीलगत धरून सरळ वर ओढा, मग साबणाने धुवा. पुढच्या दोन आठवड्यांत ताप आला तर डॉक्टरांना रानात गेलो होतो हे आपणहून सांगा.

आणि बांधावर किंवा मोरीपाशी रंगवलेली पातळीची पट्टी असेल तर निघताना तिचा फोटो काढून ठेवा, तारखेसकट. पट्टी नसेल तर काठावरचा एखादा मोठा, न हलणारा दगड आणि पाणी त्याच्या किती खाली आहे ते. पुढच्या वर्षी गावातल्या माणसाला फोनवर "पाणी त्या दगडाला लागलंय का?" एवढंच विचारावं लागेल.